रकान्याबाहेरचे रुग्ण

1881 सालच्या जनगणनेत घरोघर फिरणाऱ्या प्रगणकाला नाव, वय, जात, धंदा लिहून झाल्यावर आणखी एक चौकशी करावी लागे: घरात कोणी वेडा, जन्मापासून मुका-बहिरा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा किंवा महारोगी आहे का? पुढे 1931पर्यंत दर दहा वर्षांनी ही चौकशी होत राहिली. फेफरं येणारी मुलगी, लकव्याने अंथरुणाला खिळलेला कर्ता पुरुष, हात थरथरणारी म्हातारी यांच्यासाठी मात्र त्या तक्त्यात रकाना नव्हता. 1941मध्ये तो प्रश्नच गळाला. 1981 हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष, म्हणून तो परतला. 1991मध्ये पुन्हा गेला. 2001मध्ये तो पुन्हा आला, त्यामागे अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा झगडा होता.

मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांची मोजणी पूर्वी मुख्यतः इस्पितळांच्या नोंदींवर चाले. पण इस्पितळात पोचतो कोण? ज्याच्याकडे पैसा आहे, सोबतीला माणूस आहे, आणि ज्याच्या घरच्यांना हे दुखणं ‘वयाचं’ न वाटता उपचाराचं वाटतं, तोच. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या कोपाया परगण्याने ही गोष्ट लख्ख दाखवून दिली. इस्पितळांतल्या आकड्यांवरून काळ्या लोकांना कंपवात (पार्किन्सन्स) कमी होतो, असा समज झाला होता. 1978 हे वर्ष धरून संशोधक ब्रूस शोएनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तिथली घरं पालथी घातली, तेव्हा काळ्या-गोऱ्यांमधल्या प्रमाणात फारसा फरक उरला नाही. कित्येक रुग्णांचं तर तोवर निदानच झालं नव्हतं.

हेच शोएनबर्ग पुढे मुंबईतल्या एका कामात सहभागी झाले. ऐंशीच्या दशकात डॉ. नादिर भरूचा, डॉ. एडी भरूचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी कॉलन्यांतल्या 14,010 रहिवाशांची घरोघर पाहणी केली. पहिल्या फेरीत डॉक्टर नव्हतेच. शालान्त शिक्षण झालेली माणसं आणि समाजसेवक ठरावीक प्रश्नावली घेऊन दारोदार गेले. अशा प्रश्नावलीचं मर्म हे की ती रोगाचं नाव विचारत नाही, लक्षणं विचारते: हात थरथरतात का, चालताना पाय घसटतो का, कधी शुद्ध हरपते का. ज्यांच्याबद्दल शंका आली, त्यांना दुसऱ्या फेरीत मज्जाविकारतज्ज्ञांनी तपासलं. कंपवाताचे 46 रुग्ण निघाले, 22 पुरुष आणि 24 स्त्रिया. म्हणजे लाखामागे सुमारे 328. पारशी समाजात वृद्ध पुष्कळ, म्हणून हा आकडा मोठा दिसतो आणि साऱ्या मुंबईला तो लावता येत नाही. तरीही ही पाहणी मोलाची आहे. शालान्त शिकलेला तरुण नीट तयार केला, तर तज्ज्ञाच्या कामाचा पाया घालू शकतो, हे तिने मुंबईतच सिद्ध केलं.

1993 ते 1995 या काळात बंगळूरच्या निम्हान्स या मनोविकार आणि मज्जाविकार संस्थेतल्या डॉ. एम. गौरी-देवी आणि सहकाऱ्यांनी शहर आणि आसपासच्या खेड्यांत 1,02,557 लोकांची अशीच पाहणी केली. लाखामागे सुमारे 3,355 जणांना मज्जासंस्थेचा काही ना काही विकार होता, आणि खेड्यांत हे प्रमाण शहराच्या जवळजवळ दुप्पट होतं. यात डोकेदुखीही धरली होती, त्यामुळे विकार असलेला प्रत्येक जण अपंग होता असं समजू नये. पण तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण खेड्यात, हे विदारक चित्र त्यातून स्पष्ट झालं.

दारावर खरं उत्तर मिळेलच, असंही नव्हतं. 1976च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अशी अट आली होती की वधू-वरांपैकी कोणाला वारंवार अपस्माराचे झटके येत नसावेत. येत असतील तर विवाह रद्द ठरवता येई. ती अट 1999मध्ये निघाली. म्हणजे बंगळूरचे पाहणीकर्ते दारोदार फिरत होते तेव्हा सुनेला फिट येते हे परक्या माणसाला सांगणं म्हणजे तिचा संसार धोक्यात घालणं होतं. अशा घराने दडवलं तर दोष त्या घराला कसा द्यावा?

देशभर घरोघर जाणाऱ्या सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीची वाट वेगळी. 1981च्या 36व्या फेरीत दृष्टी, वाचा-श्रवण आणि हालचाल एवढीच व्यंगं होती. 2002च्या 58व्या फेरीत मानसिक अपंगत्वही मोजलं गेलं. 2016च्या अपंग हक्क कायद्याने कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, सेरेब्रल पाल्सी यांच्यासह 21 प्रकार मान्य केले, आणि 2018च्या 76व्या फेरीने एक लाखाहून अधिक घरांत जाऊन त्यांची दखल घेतली. अपंगत्वाचं प्रमाण निघालं 2.2 टक्के, अपंगांपैकी जेमतेम 28.8 टक्क्यांकडे प्रमाणपत्र होतं. मात्र कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस पडले ‘इतर’ या गटात, सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या जोडीला. रक्ताचा आजार आणि मेंदूचा आजार यांची औषधं वेगळी, डॉक्टर वेगळे, घरच्यांवरचा भारही वेगळा. मग एका बेरजेतून धोरण कसं आखायचं?

नमुना पाहणीत अपंगत्व पुन्हा मोजलं जाईल तेव्हा हा ‘इतर’ गट फोडायला हवा. आणि ज्या घरांत शंकेला जागा असेल, तिथे पारशी कॉलन्यांप्रमाणे दुसऱ्या फेरीत मज्जाविकारतज्ज्ञ पाठवायला हवेत, निदान काही निवडक जिल्ह्यांत तरी.