'माउली' ही हाक

एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या ज्ञानोबारायांना आपण सत्तरीतले म्हातारेही 'माउली' म्हणतो. कधी नवल वाटले का?

शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी झाली, १२१८ मध्ये आळंदीस समाधी. आई घास मऊ करून लेकराला भरवते, तशी त्यांनी संस्कृतातली गीता मराठीत भरवली. दृष्टान्त एवढाच, पण तो पोथीत थांबला नाही. शब्द स्त्रीलिंगी, तरी आपण सहज 'माउली निघाले' म्हणतो. आई आणि गुरू असे एक झाले की व्याकरणानेही वाट दिली! पालखीत पादुका असतात, पण नीरास्नान माउलींचे.

पुढे वारकऱ्याने वारकऱ्यालाच ती हाक दिली. नाव, गाव, जात कळण्याआधी 'माउली, जरा सरकता का?' कानी येते. आई म्हटल्यावर ढकलणार कसे? तरी दर्शनबारीत तोंडी 'माउली' आणि कोपर बरगडीत, हेही पाहिले आहे. तिथे हाक उरली, आई गेली.

यंदा वारीहून परतल्यावर सुनेशी, रिक्षावाल्याशी बोलताना ती हाक किती दिवस टिकते, मोजून पाहा.