कटक देवगिरी : एका दिवसात न दिसणारे शहर

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघायचे, वेरूळची लेणी पाहायची, खुलदाबादला थोडे थांबायचे आणि परतताना दौलताबाद 'करायचे', असा एका दिवसाच्या सहलीचा ठरलेला क्रम आहे. या क्रमात दौलताबादच्या वाट्याला येते ती उतरती दुपार आणि थकलेले पाय. साहजिकच सगळ्यांचे लक्ष माथ्याकडे असते. खंदक, ताशीव कडा, अंधेरी, बारादरी असे टप्पे गाठत वर जायचे, वाऱ्याला तोंड द्यायचे आणि उतरायचे. मीही दोनदा असाच चढलो-उतरलो. तिसऱ्या खेपेला गुडघ्यांनी असहकार पुकारला म्हणून खालीच रेंगाळलो, आणि आपण आजवर किल्ला पाहिला, शहर पाहिलेच नाही, हे तेव्हा ध्यानात आले.

वास्तविक हा रस्ताच अंबरकोटाची तटबंदी ओलांडून जातो. म्हणजे तिकीट काढण्यापूर्वीच प्रवासी मध्ययुगीन नगरात शिरलेला असतो. पण मोटारीच्या खिडकीतून तट दिसतो आणि मागे पडतो, एवढेच. अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट या तीन कोटांपैकी पहिल्या दोहोंच्या आत वस्ती होती, बाजार होते, पाण्याची सोय होती. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने खरे तर इथे थबकायला हवे.

आपण यादवकाळ शिकतो तो नेवाशाचा, पैठणचा, ऋद्धिपूरचा. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सिद्ध झाली. तिच्या अखेरीस राजा रामचंद्राचा उल्लेख येतो, पण त्याच्या राजधानीचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. महानुभाव वाङ्मयात देवगिरीला 'कटक' म्हणतात. कटक म्हणजे छावणी, आणि म्हणून राजधानीही. या कटकात हेमाद्री श्रीकरणाधिप होता. त्याच्या आधी, सिंघणाच्या काळी, दप्तर सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. हिशेबाच्या वह्या आणि स्वर-श्रुतींची मांडणी एकाच हाताने करणारा हा गृहस्थ कुठल्या गल्लीत राहत असेल, हा प्रश्न कोणत्याही वाङ्मयेतिहासात भेटत नाही.

याचे एक कारण मला असे वाटते की, या नगराची गोष्ट आपण १२९६ पाशी संपवतो. अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, रामदेवरायाची शरणागती, पुढे १३१८ च्या सुमारास यादवसत्तेचा शेवट, आणि पडदा. त्यानंतरचे जे आठवते ते महंमद तुघलकाचे १३२७ चे राजधानी-स्थलांतर. त्यातूनही आपण 'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग तेवढा घेतला. दिल्लीचे हाल जरूर झाले. पण जे लोक इथे आले, त्यांचे काय झाले?

त्यांच्यात 'फवाइद-उल-फुआद'चा कर्ता, कवी अमीर हसन सिज्जी होता आणि सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब होते. दोघांच्याही कबरी खुलदाबादला आहेत. दखनी भाषेच्या घडणीचा एक धागा याच स्थलांतरितांपर्यंत जातो. तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला इब्न बतूता १३४२ च्या सुमारास येथे आला. दिल्लीकरांना परतण्याची मुभा मिळून तोवर काही वर्षे उलटली होती. तरीही या शहराची योग्यता आणि विस्तार त्याला दिल्लीच्या तोडीचा वाटला. त्याने शहराचे तीन भाग नोंदवले आहेत : दौलताबाद, कटक आणि वरचा दुर्ग. नाव पहा, कटकच! सत्ता बदलून पाव शतक लोटले होते, बाजारात वेगळे नाणे चालत होते, तरी एका परक्या प्रवाशाच्या अरबी वृत्तांतात लीळाचरित्राच्या काळचा शब्द टिकून राहिला. (वरच्या दुर्गातील कोठड्यांत मांजरांहून मोठे उंदीर होते, असेही तो सांगतो. मार्गदर्शक मंडळींना हाच भाग अधिक प्रिय.)

त्याच्या वर्णनात गायक-गायिकांच्या बाजाराचाही उल्लेख आहे. मधोमध सजवलेला मंडप, गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर तिथे बसणारा गायकांचा प्रमुख, समोर हजेरी लावणाऱ्या गायिका. 'संगीतरत्नाकर' आणि हा बाजार यांच्यात शंभरएक वर्षांचे अंतर आहे. दोहोंत थेट नाते होते असा दावा मी करणार नाही. तथापि राजवंश बुडाल्याबरोबर नगरीतले गाणेही बुडाले, ही आपली समजूत तपासून घ्यावी, एवढा आधार त्यात नक्कीच आहे.

महाकोटात हत्ती हौदाजवळ खिलजी मुबारकशहाने बांधलेली मशीद आहे. तिचे खांब जुन्या मंदिरांचे, आणि आज तेथे भारतमातेची मूर्ती आहे. प्रत्येक पिढीने इथे आपले काही मांडले आणि आधीच्यांचे काही मोडले. त्यातला एकच थर आपला मानायचा ठरवले, तर उरलेल्या शतकांतली माणसे कुठे ठेवायची? दोन शतकांनंतर, निजामशाहीच्या अमलात, इथल्याच जनार्दनस्वामींकडे पैठणचा एकनाथ शिकायला आला, असे परंपरा सांगते. हेही शहर त्याच थरांचे.

शहर ओस पडले ते तलवारीने कमी आणि जवळच नवे शहर वसल्याने अधिक. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. तिचे पुढे औरंगाबाद झाले आणि माणसे तिकडे गेली. आज सकाळी आपण निघतो तेही तिथूनच.

पुरातत्त्व खात्याने महाकोटातील वस्तीचा काही भाग उकरून मोकळा केला आहे. कमरेएवढ्या भिंती, घरांचे उंबरे, दोहोंमधून जाणाऱ्या अरुंद वाटा. त्या दिवशी सोबतची मंडळी माथ्यावर होती आणि मी तिथे एका उंबऱ्याशी तासभर बसून होतो. गडावरून उतरणारी माणसे शेजारच्या फरसबंदीवरून घाईघाईने दरवाज्याकडे जात होती. एका शाळकरी मुलाने मात्र आत डोकावून विचारले, "इथे कोण राहायचं?" त्याच्या बाईंनी हाक मारली, बस सुटत होती.