शाळेत पायी व सायकलने जाणे (चिखली)

शाळेत पायी व सायकलने जाणे (चिखली) : पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीच्या उत्तर टोकाला, इंद्रायणीच्या दक्षिण काठी असलेल्या चिखलीत मुलांनी आपल्या पायांनी किंवा सायकलने शाळेत जावे, यासाठी पालक, शाळा आणि महापालिका यांनी मिळून करायची व्यवस्था. शाळा लांब आहेत ही येथली मुख्य अडचण नव्हे. घर आणि शाळा यांच्या मधे येणारे दोन-तीन रस्ते मुलांना सुखरूप ओलांडता आले, तर निम्मे काम होते.

चिखली हे मूळचे हवेली तालुक्यातले शेतीचे गाव. १९९७ मध्ये मोशी, तळवडे, चऱ्होली, दिघी अशा शेजारगावांबरोबर ते महापालिकेत आले. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आणि पुढे चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांनी गुंठा-दोन गुंठे जागा घेऊन घरे बांधली आणि शेतांच्या बांधांवरूनच गल्ल्या पडल्या. जाधववाडी, पाटीलनगर, शरदनगर, नेवाळे वस्ती, सेक्टर १७ व १९ मधील घरकुल या भागांत वस्ती दाट आहे. शाळा, शिकवणी, वाण्याचे दुकान सारे जवळजवळ. पदपथ मात्र या वाढीत मागे राहिला. जिथे आहे तिथे टपरी, उभ्या दुचाकी आणि उघडी झाकणे वाट अडवतात, आणि मूल डांबरी रस्त्यावर उतरते.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याखालील महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरवले. सात वर्षांचे मूल रमतगमत गेले तरी १ किलोमीटर साधारण पंधरा-वीस मिनिटांत चालते. ३ किलोमीटर सायकलला तेवढाच वेळ लागतो. कायद्याने शाळा जवळ आणली, पण तिथवरच्या वाटेची जबाबदारी कुणाच्याच गळ्यात घातली नाही. ती उणीव पालक व्हॅन, रिक्षा किंवा स्वतःची दुचाकी वापरून भरून काढतात. परिणामी शाळेच्या फाटकापाशी गाड्यांची गर्दी होते आणि चालत येणाऱ्या मुलाला ती जागा सर्वांत धोक्याची ठरते.

मुख्य अडथळा देहू-आळंदी रस्त्याचा आणि स्पाइन रोडचा. देहूहून आळंदीला निघालेले वारकरी पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने चालत आले. आता त्यावरून तळवडे, कुदळवाडी, मोशी आणि नदीपलीकडच्या मोई-निघोजे भागाकडे मालाची वाहने धावतात. दप्तर पाठीवर, पाण्याची बाटली गळ्यात, असे मूल रस्त्याच्या कडेला उभे राहते. ट्रेलरचे पुढचे चाक निघून गेले की त्याला वाट मोकळी वाटते. मागची चाके यायची असतात आणि वळताना ती आतल्या बाजूला कापत येतात. उंच केबिनमधल्या चालकाला बंपरच्या अगदी पुढ्यातले चार फुटी मूल दिसत नाही. मुलांना शिकवायच्या गोष्टींत ही सर्वांत आधी यावी.

वेळेचाही गुंता आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा शासननिर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. लहानग्यांच्या झोपेसाठी तो चांगलाच आहे. पण पहिल्या पाळीला गेलेले आईवडील तोवर कंपनीत असतात, आणि मुलाला सोडायला आजी किंवा शेजारच्या काकू उरतात. यावर ‘चालती बस’ हा उपाय चिखलीसारख्या ठिकाणी नेमका बसतो. ठरलेल्या वेळी एक-दोन मोठी माणसे ठरलेल्या गल्ल्यांतून निघतात, थांब्याथांब्यावर मुले सामील होतात आणि सगळे घोळक्याने रस्ता ओलांडतात. ही कल्पना ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंगविश्ट यांनी १९९० च्या दशकात मांडली. तिला खर्च जवळजवळ नाही. लागते ती पालकांची पाळी लावणारी वही आणि ती पाळणारी माणसे. घरकुलसारख्या इमारतींत, जिथे एकाच जिन्यावर पाच-सहा विद्यार्थी राहतात, हे आजही सुरू करता येईल.

पाचवीच्या पुढे सायकल सोयीची. मुलींच्या बाबतीत तिचे मोल फार मोठे आहे. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देणे सुरू केले. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात त्यामुळे माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. शहरात मात्र दहावीतला मुलगा सायकल सोडून थेट वडिलांची गिअर नसलेली स्कूटर घेऊन शिकवणीला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार यासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पायाने ढकलायच्या छोट्या स्कूटरला मात्र येथील रस्ते अजून लायक नाहीत. तिची बारीक चाके पहिल्याच खड्ड्यात अडकतात. सोसायटीच्या आवारापुरतीच ती ठीक.

रस्त्याची बाजू महापालिकेची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत पदपथाची अडथळामुक्त रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेच्या दगडाची उंची फार तर १५० मिलिमीटर सांगितली आहे. उंची जास्त असली की लहान मूल आणि आजी दोघेही पदपथ टाळतात. निगडी प्राधिकरण भागात महापालिकेने ‘हरित सेतू’ या नावाने चालण्या-सायकलिंगसाठी रस्त्यांचे जाळे जोडण्याचा आराखडा हाती घेतला. नियोजनबद्ध पेठांत असे काम तुलनेने सोपे असते. चिखलीच्या अरुंद गल्ल्यांत ते अवघड आहे, पण गरजही येथेच अधिक आहे. सुरुवात शाळेच्या फाटकापासून करावी : शाळा भरताना आणि सुटताना अर्धा तास समोरचा रस्ता गाड्यांना बंद, उंचावलेला पट्टेरी मार्ग, आणि मोठ्या रस्त्यावर हात दाखवून वाहने थांबवणारा वॉर्डन.