कृत्रिम हृदयझडपेचे आकारमान

कृत्रिम हृदयझडपेचे आकारमान : निकामी झडप काढून तिच्या जागी बसवलेल्या झडपेतून रक्ताला मिळणारी वाट. ही वाट शरीराला पुरते की नाही, यावर शस्त्रक्रियेनंतरची प्रकृती बऱ्याच अंशी अवलंबून असते. झडप नीट उघडत-मिटत असूनही शरीराच्या मानाने तोकडी पडली, तर त्या स्थितीला ‘रुग्ण-झडप विसंगती’ म्हणतात. मुंबईत जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ शहाबुद्दीन रहिमतुल्ला यांनी १९७८ मध्ये अमेरिकेत ही संकल्पना मांडली.

मापन : महाधमनीच्या झडपांवर १९, २१, २३, २५ असे मिलिमीटरमधले क्रमांक असतात. मात्र सर्व कंपन्या एकाच रीतीने मोजत नाहीत आणि झडपेचा सांगाडा व शिवणीची कडा काही जागा अडवतात. म्हणून रक्त प्रत्यक्ष जाते ते क्षेत्रफळ (चौ. सेंमी.) शरीराच्या पृष्ठफळाने (चौ. मी.) भागतात. महाधमनीच्या झडपेसाठी उत्तर ०.८५ किंवा कमी आल्यास विसंगती मध्यम, ०.६५ किंवा कमी आल्यास तीव्र समजतात. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील मायट्रल झडपेसाठी या मर्यादा १.२ आणि ०.९ आहेत. स्थूल व्यक्तींसाठी त्या आणखी खाली धरतात.

उदाहरणार्थ, १.३ चौ. सेंमी. वाट देणारी झडप १५० सेंमी. उंचीच्या, ४५ किलो वजनाच्या स्त्रीला बसवली, तर तिचे पृष्ठफळ १.३७ चौ. मी. असल्याने उत्तर ०.९५ येते, झडप पुरेशी ठरते. तीच झडप १७० सेंमी. उंचीच्या, ८० किलो वजनाच्या पुरुषाला बसवली, तर उत्तर ०.६७, म्हणजे तीव्र विसंगतीच्या उंबरठ्यावर येते.

परिणाम : वाट अरुंद राहिली की हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला जोर लावावा लागतो आणि त्याच्या जाड झालेल्या भिंती पुरेशा पूर्ववत होत नाहीत. असा रुग्ण घरात ठीक असतो. घाटकोपर किंवा अंधेरी स्थानकाचा पूल चढताना मात्र त्याला पुन्हा दम लागतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३४ अभ्यास आणि २७,००० हून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात मध्यम विसंगतीत मृत्यूचा धोका सुमारे १९ टक्के, तर तीव्र विसंगतीत ८४ टक्के जास्त आढळला. आधीच अशक्त झालेल्या हृदयाला याची झळ अधिक बसते. मायट्रल झडप लहान पडल्यास फुप्फुसांतील रक्तदाब चढाच राहतो. प्राणिजन्य झडप लहान असेल, तर पुढे तिच्यातच कॅथेटरने दुसरी बसवताना जागा अपुरी पडते.

म्हणून बसेल तेवढी मोठी झडप घालणेही योग्य नव्हे. मायट्रलच्या जागी फार मोठी झडप रक्ताची महाधमनीकडची वाट अडवू शकते किंवा हृदयाची मागची भिंत फाडू शकते. महाधमनीत ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडे झाकू शकते.

उपाय : कोणत्या झडपेतून किती वाट मिळेल, याचा हिशेब शस्त्रक्रियेपूर्वीच मांडता येतो आणि तो मांडलाच पाहिजे. महाधमनीचे मूळ अरुंद असल्यास ते उघडून पट्टी शिवून रुंद करतात. निक्स (१९७०) आणि मानुगियन (१९७९) या त्यासाठीच्या परिचित पद्धती होत. अधिक वाट देणारी दुसरी झडप निवडणे हाही मार्ग आहे.

स्थानिक संदर्भ : भारतात ऱ्हुमॅटिक तापामुळे तरुण वयातच झडपा खराब झालेले रुग्ण पुष्कळ. वाढत्या वयातील मुलांना बसवलेली झडप पुढे अपुरी पडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. झडपेच्या शस्त्रक्रियांसाठी मुंबई उपनगरांतील रुग्ण परळचे केईएम, सायनचे टिळक रुग्णालय गाठत आले आहेत. आता त्या मुलुंडच्या फोर्टिस आणि अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयांतही होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे.

पाठपुरावा : शस्त्रक्रियेनंतर एक ते तीन महिन्यांत केलेला टू-डी इको पुढच्या सर्व तपासण्यांसाठी आधार ठरतो. झडपेचे नाव, अनुक्रमांक आणि आकार लिहिलेले कार्ड त्या अहवालासोबत जपून ठेवावे. पुढे दम लागू लागला, तर झडप बिघडली की मुळातच लहान होती, हे या दोन कागदांवरून डॉक्टरांना ठरवता येते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.