जॅक ब्रूस : जॅझ आणि रॉक दोन्हींचा बेसवादक

जॅक ब्रूस (१४ मे १९४३ – २५ ऑक्टोबर २०१४) हे स्कॉटलंडचे बेस गिटारवादक, गायक आणि संगीतकार. १९६६ ते १९६८ या काळातील 'क्रीम' या तिघांच्या रॉक बँडमुळे ते जगभर ओळखले गेले. त्यांचे शिक्षण मात्र चेलोचे, उमेदवारी जॅझ आणि ब्लूजमधली, आणि नाव झाले ते रॉकमध्ये. यांपैकी एकाची निवड करा, असे त्यांना अगदी तरुणपणी सांगण्यात आले होते. ते त्यांनी मानले नाही, आणि त्यांच्या वादनाचे वेगळेपण त्यातूनच आले.

बेस गिटारचे काम

मंडळाच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्रा असला की आपले लक्ष गायकाकडे किंवा मुख्य गिटारवादकाकडे जाते. बाजूला उभा असलेला बेसवादक फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. नेहमीच्या बेस गिटारला चार तारा असतात आणि त्या साध्या गिटारच्या चार जाड तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. ड्रमबरोबर लय धरायची आणि गाण्याला खर्जाचा आधार द्यायचा, असे या वाद्याचे दुहेरी काम. ते घराच्या पायासारखे असते. वाजत असते तोवर जाणवत नाही, पण थांबले की सगळे गाणे पोकळ वाटू लागते. जॅझमध्ये हे काम माणसाहून उंच असा डबल बेस करीत असे. १९५१ मध्ये अमेरिकेच्या फेंडर कंपनीने गळ्यात अडकवून वाजवता येईल असा इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला आणि पुढे रॉक संगीताने तोच स्वीकारला.

ग्लासगो ते लंडन

ब्रूस यांचा जन्म ग्लासगोजवळच्या बिशपब्रिग्ज येथला. घरचे वातावरण संगीताचे होते. चेलो आणि संगीतरचना शिकण्यासाठी त्यांना ग्लासगोच्या रॉयल स्कॉटिश ॲकॅडमी ऑफ म्युझिकची शिष्यवृत्ती मिळाली. शिकता शिकता ते खर्चाला हातभार म्हणून जॅझ बँडमध्ये डबल बेस वाजवू लागले. ॲकॅडमीला हे पसंत नव्हते. जॅझ किंवा ॲकॅडमी, असा प्रश्न आल्यावर त्यांनी ॲकॅडमी सोडली.

तिथले शिक्षण मात्र त्यांनी सोडले नाही. बाखच्या रचनांमध्ये सर्वांत खालच्या स्वरांची ओळसुद्धा स्वतंत्र चाल असते. बाखचे हे ऋण ब्रूस नेहमी मान्य करीत. दुसरे ऋण अमेरिकेतील मोटाऊन कंपनीच्या गाण्यांत वाजवणारे जेम्स जेमर्सन यांचे. बेसची ओळ गाण्याखाली असूनही गाती असू शकते, हे त्यांनी या दोघांकडून घेतले.

१९६२ मध्ये ते लंडनमध्ये अलेक्सिस कॉर्नर यांच्या 'ब्लूज इन्कॉर्पोरेटेड'मध्ये आले. पुढे 'रोलिंग स्टोन्स'मध्ये गेलेले चार्ली वॉट्स तिथे ड्रमवर होते. १९६३ मध्ये ऑर्गनवादक ग्रॅहम बाँड यांनी वेगळा संच काढला. त्यात ब्रूस, ड्रमवादक जिंजर बेकर आणि गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन होते. हेच मॅकलॉफलिन पुढे मुंबईच्या उस्ताद झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' या संचात वाजवू लागले, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव परिचित आहे. बाँड यांच्याकडे असतानाच ब्रूस डबल बेसवरून इलेक्ट्रिक बेसकडे वळले.

बेकर आणि ब्रूस यांचे वाजवणे जितके जुळे, तितके स्वभाव जुळत नसत. भांडणे विकोपाला गेली आणि १९६५ मध्ये बेकर यांनीच ब्रूस यांना संचातून काढले. त्यानंतर ब्रूस यांनी जॉन मेऑल आणि मॅनफ्रेड मॅन यांच्याकडे काही काळ वाजवले. मेऑल यांच्या संचात त्यांची गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्याशी गाठ पडली.

क्रीम

१९६६ मध्ये बेकर यांनी क्लॅप्टन यांच्यापुढे नव्या बँडचा प्रस्ताव ठेवला. बेसवर ब्रूस हवेत, असे क्लॅप्टन यांनी सांगितले आणि बेकर यांना ते मान्य करावे लागले. तिघांपैकी प्रमुख गायकही ब्रूसच झाले. 'डिझरायली गिअर्स' (१९६७) आणि 'व्हील्स ऑफ फायर' (१९६८) हे अल्बम गाजले. दुसरा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

'सनशाइन ऑफ युअर लव्ह'ची प्रसिद्ध सुरावट ब्रूस यांना १९६७ च्या जानेवारीत लंडनमध्ये जिमी हेंड्रिक्स यांचा कार्यक्रम ऐकल्यावर सुचली. ते गिब्सन कंपनीचा ईबी-३ हा आखूड दांडीचा बेस वाजवीत. त्यावर तारा ओढून ते मींडेसारखा परिणाम साधत. मंचावर तिघेही ठरलेली चाल सोडून दीर्घ काळ उपज करीत. 'व्हील्स ऑफ फायर'मधील 'स्पूनफुल' १६ मिनिटांहून मोठे आहे. त्यात बेस गिटारच्या मागे राहत नाही, तिच्याशी सवालजवाब करतो. ही पद्धत जॅझची होती. त्याच अल्बममधील 'ॲज यू सेड' या गाण्यात ब्रूस यांनी चेलोही वाजवला आहे.

पाश्चात्त्य संगीत व्यवसायात गाणे ज्याच्या नावावर नोंदलेले, त्याला रॉयल्टी मिळते. वाजवताना सुचलेल्या कल्पनेला वेगळा मोबदला नसतो. क्रीमची अनेक गाणी ब्रूस आणि कवी पीट ब्राऊन यांच्या नावावर होती, आणि याची सल बेकर यांना आयुष्यभर राहिली. जुनी भांडणेही चालूच होती. २६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला आणि बँड संपला.

क्रीमनंतर

या यशाची पुनरावृत्ती ब्रूस यांना सहज करता आली असती. त्यांनी वेगळी वाट धरली. क्रीम चालू असतानाच, ऑगस्ट १९६८ मध्ये, त्यांनी 'थिंग्ज वी लाइक' हा निव्वळ जॅझचा, एकही गाणे नसलेला अल्बम डबल बेसवर ध्वनिमुद्रित केला होता. तो १९७० मध्ये निघाला. त्याच वर्षी ते अमेरिकन जॅझ ड्रमवादक टोनी विल्यम्स यांच्या 'लाइफटाइम'मध्ये गेले. तिथे मॅकलॉफलिन पुन्हा सोबत होते. कार्ला ब्ले यांच्या 'एस्कलेटर ओव्हर द हिल' (१९७१) या जॅझमधील मोठ्या रचनेत ते गायले आणि वाजवलेही.

या प्रवासाची दुसरी बाजूही आहे. सत्तरच्या दशकात ब्रूस हेरॉइनच्या आहारी गेले आणि मिळवलेल्या पैशाचा मोठा भाग गेला. त्यातून ते बाहेर आले. २००३ मध्ये यकृताच्या कर्करोगामुळे त्यांच्यावर यकृत प्रत्यारोपण झाले. सुरुवातीला शरीराने नवे यकृत नाकारले आणि ते जेमतेम वाचले. तरीही मे २००५ मध्ये त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीमचे चार कार्यक्रम झाले, आणि त्यांत ते गायले व वाजवले. 'सिल्व्हर रेल्स' हा त्यांचा शेवटचा अल्बम मार्च २०१४ मध्ये आला. त्याच वर्षी वयाच्या ७१ व्या वर्षी यकृताच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

ऐकायला सुरुवात कुठून करावी

प्रथम 'सनशाइन ऑफ युअर लव्ह' ऐकावे. त्यात बेस आणि गिटार एकच सुरावट वाजवतात, त्यामुळे बेस कानाला सहज सापडतो. मग 'स्पूनफुल' ऐकताना गिटार मुद्दाम बाजूला ठेवून फक्त खालचे सूर धरावेत. शेवटी 'थिंग्ज वी लाइक' ऐकावा. हेडफोन लावावेत. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून बेस जवळजवळ ऐकूच येत नाही.