एक जिल्हा, दोन सरासऱ्या

अहमदाबाद हायवेवरून सुरतेच्या दिशेला गेला असाल, तर चारोटी नाका ओलांडल्यावर उजवीकडे आकाशात बोट रोखल्यासारखा एक सुळका तुम्ही नक्की पाहिला असेल. हा मुसळ्या डोंगर, आणि पायथ्याचं गाव विवळवेढे. महालक्ष्मीचं देऊळ इथलंच. चैत्री पौर्णिमेपासून इथे मोठी जत्रा भरते. आपण बहुतेक जण हात जोडतो, फार तर चहाला थांबतो आणि पुढे सुटतो.

पण मंडळी, पालघर जिल्हा समजून घ्यायचा असेल तर इथे उभं राहून बघण्यासारखं आहे. पश्चिमेला वीस-पंचवीस किलोमीटरवर डहाणू रोड स्टेशन, चिकूच्या वाड्या आणि समुद्र. पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर. उत्तरेला तलासरी आणि लगेच गुजरात. आणि दक्षिणेला, याच हायवेवर, वसई-विरारच्या इमारती. सगळं एकाच जिल्ह्यात!

हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, महाराष्ट्राचा 36वा. त्याआधी 2011 च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वात जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, 1 कोटी 10 लाखांवर. मीरा रोडची पाणीटंचाई आणि मोखाड्याचं कुपोषण एकाच कलेक्टरच्या टेबलावर यायचं. तलासरीच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी शंभर किलोमीटरपेक्षा लांब ठाण्याला जावं लागायचं. तेव्हा विभाजन हवंच होतं, त्यात वाद नाही.

आता आकडे बघा. नव्या जिल्ह्यात 8 तालुके, आणि 2011 च्या हिशोबाने लोकसंख्या सुमारे 29 लाख 90 हजार. त्यातले जवळजवळ साडेतेरा लाख एकट्या वसई तालुक्यात! जिल्ह्यात आदिवासी सुमारे 37 टक्के, पण तलासरीत दहापैकी नऊ जण. म्हणजे 'पालघर जिल्ह्याची सरासरी' नावाचा माणूस ना विरारला सापडेल ना विवळवेढ्याला. दोन वेगळ्या डेटासेट्सचं अ‍ॅव्हरेज काढलं की असंच होतं.

गंमत म्हणजे ही भानगड फक्त आपल्याकडे नाही. कॅलिफोर्नियातली सॅन बर्नार्डिनो काऊंटी पालघरच्या जवळपास दहापट मोठी. तिचीही बहुतेक वस्ती लॉस एंजेलिसला चिकटलेल्या एका कोपऱ्यात आणि उरलेलं बरंचसं वाळवंट. फरक एवढाच की तिथल्या रिकाम्या भागात खरोखर माणसं कमी आहेत. आपल्या 'रिकाम्या' भागात लाखो लोक पिढ्यान् पिढ्या राहतात.

आणि त्यांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी दुसऱ्यांनी ओढलेल्या रेघांचा इतिहास आहे. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. जव्हारला मात्र मुकणे घराण्याचं महादेव कोळी संस्थान स्वातंत्र्यापर्यंत टिकलं. 1860 च्या दशकात रेल्वे आली आणि इथलं लाकूड नि गवत मुंबईच्या बाजारात जाऊ लागलं. पैसा आला, पण वारल्यांच्या हातात नाही. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या आणि मूळ मालक त्याच जमिनीवर वेठ करू लागले.

1945 मध्ये हे फुटलं. 23 मे ला झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे या लढ्यात होते. मागणी काय होती? 500 पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. बस. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. वेठ मात्र गेली ती गेलीच. पुढे 1960 मध्ये राज्यं वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. ज्यांनी एकत्र लढा दिला त्यांच्यामधूनच राज्याची सीमा गेली.

असो. आता पुन्हा बाजार दारात आलाय. 2013 पासून मुंबईची लोकल डहाणूपर्यंत येते. 1991 पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून संरक्षित आहे. 1998 मध्ये इथल्या पर्यावरण प्राधिकरणाने वाढवण बंदर नाकारलं होतं, 2023 मध्ये त्यानेच अटी घालून परवानगी दिली. 30 ऑगस्ट 2024 ला 76 हजार कोटींच्या या बंदराचं भूमिपूजन झालं. मच्छीमारांचा विरोध आहे, नोकऱ्यांची आशाही आहे.

तर सांगायचा मुद्दा असा. या बंदरामुळे काही वर्षांनी जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न वाढल्याची बातमी येईल, आणि ती खरीही असेल. पण गवत मुंबईला जात होतं तेव्हाही सरासरी वाढतच असणार. म्हणून ती बातमी वाचताना एकच प्रश्न विचारा: कुठल्या तालुक्याचं?