मनोरा इंग्रजांचा, भिंत आपली

तंजावर म्हटलं की बृहदीश्वर मंदिर आठवतं. पण या जिल्ह्याला समुद्रही आहे, आणि किनाऱ्यावर एक आठ मजली बुरूज आहे. नाव चक्क मराठी: मनोरा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, त्यांच्या घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी तो बांधला. कशासाठी? तर इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं म्हणून! आता गंमत बघा, १७९९ च्या तहाने याच इंग्रजांनी राजांचा कारभार काढून घेतला होता. राज्य गेलं, तरी राजे गप्प बसले नाहीत. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. तंजावरला गेलात तर मनोरा बघाच, पण आधी ती भिंत वाचा.